विश्लेषण : राखीव सर्व्हर असतो, मग सेवा ठप्प का होते?

दुसरा सर्व्हर कधी पुढे आणायचा, हे एका छोट्या स्क्रिप्टच्या उत्तरावर ठरतं. त्या स्क्रिप्टची परीक्षा घेणारी चाचणी फुकट मिळते. अडचण सुरू होते ती चाचणी नापास झाल्यावर.

समजा, लोणावळ्याजवळ औंढ्यात एक बंगला आहे. मालक मुंबईला असतात, बंगला सांभाळायला गावातलेच एक मामा आहेत. विहिरीवर पाण्याच्या दोन मोटारी बसवल्या आहेत. एक रोजची, एक राखीव. शनिवारी पाहुणे येणार, म्हणून मालक आदल्या रात्री फोन लावतात.

‘मामा, मोटर चालू आहे का?’

‘नाय साहेब, बंद हाय.’

आता या ‘बंद’चा अर्थ काय घ्यायचा? टाकी भरली म्हणून मामांनीच बटण दाबलं असेल. मोटर जळाली असेल. किंवा मामा घरी जेवायला बसले असतील आणि आवाज येत नाही एवढ्यावरून त्यांनी ‘बंद’ सांगून टाकलं असेल. पहिल्या वेळी मालकांनी काहीच करायचं नाही. दुसऱ्या वेळी राखीव मोटर लावायला सांगायची. तिसऱ्या वेळी मामांना बॅटरी घेऊन विहिरीवर पाठवायचं. मालक ऐंशी-नव्वद किलोमीटरवर आहेत. मामांच्या शब्दापलीकडे त्यांच्या हातात काही नाही.

बँकेचं ॲप, शेअर बाजार, तिकिटांचं आरक्षण यांच्यामागे उभ्या असलेल्या सर्व्हरची व्यवस्था याच पद्धतीने चालते. राखीव सर्व्हर असतो, तो चालू करणारं सॉफ्टवेअर असतं. पण मधे एक ‘मामा’ असतो, आणि सगळा भरवसा त्याच्या उत्तरावर असतो.

राखीव असूनही बसून राहिलेली यंत्रणा

बुधवार, २४ फेब्रुवारी २०२१. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी मुंबईतल्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचं म्हणजे एनएसईचं कामकाज थांबलं. ते पुन्हा सुरू झालं दुपारी पावणेचारला, आणि त्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत चाललं. मधल्या चार तासांत बीएसई चालू होतं. अनेक ब्रोकरांनी ग्राहकांचे त्या दिवसापुरते सौदे तिथे मिटवून टाकले. वेळ वाढवल्याची घोषणा त्यानंतर आली. ज्यांचे सौदे पडत्या भावात कापले गेले, त्यांच्या तक्रारी पुढे बरेच दिवस चालू होत्या.

एनएसईकडे राखीव व्यवस्था नव्हती का? होती. एनएसईच्या खुलाशानुसार, जवळच्या दुसऱ्या केंद्राशी जोडणाऱ्या दोन कंपन्यांच्या दूरसंचार वाहिन्या बिघडल्या, त्याला रस्त्यावरचं खोदकाम कारण होतं. इथवर गोष्ट साधी आहे, मुंबईत रस्ते खोदले जातातच. पण वाहिनी तुटली तरी मुख्य केंद्रातलं काम चालू राहायला हवं होतं. रचना तशीच केलेली होती. प्रत्यक्षात माहिती साठवणारी स्टोरेज यंत्रणा अपेक्षेप्रमाणे वागली नाही आणि जोखीम तपासणारी प्रणाली बंद झाली. दूरच्या आपत्कालीन केंद्रावर, म्हणजे डीआर साइटवर, काम हलवलं गेलं नाही.

पुढच्याच महिन्यात सेबीने नियम कडक केले. बिघाड झाल्यापासून ३० मिनिटांत ‘आपत्ती’ जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत डीआर केंद्रावरून काम सुरू करायचं. २०२३ मध्ये एनएसई आणि तिच्या क्लिअरिंग कंपनीने हे प्रकरण सेबीकडे ७२ कोटी रुपयांहून अधिक रक्कम भरून, आरोप मान्य किंवा अमान्य न करता, मिटवलं.

त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरची वीज गेली आणि सेवा ठप्प झाल्या. आधीच्या दोन वर्षांतले बिघाड आणि हा बिघाड मोजून रिझर्व्ह बँकेने २ डिसेंबर २०२० रोजी नवी क्रेडिट कार्डं देण्यावर आणि नव्या डिजिटल सेवा आणण्यावर बंदी घातली. कार्डांवरची बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये उठली, उरलेली मार्च २०२२ मध्ये.

त्याच वर्षी १२ ऑक्टोबरच्या सकाळी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. तिथेही बाहेरची वीज तुटली तर शहरापुरती वीज वेगळी राखणारी ‘आयलँडिंग’ यंत्रणा कित्येक वर्षांपासून होती. त्या सकाळी ती टिकली नाही.

या तिन्ही घटनांची तांत्रिक कारणं वेगवेगळी आहेत. ती एका स्क्रिप्टच्या गळ्यात घालणं चूक ठरेल. पण साम्य एक आहे. राखीव वस्तू कागदावर होती, पैसे मोजून घेतलेली होती, आणि ऐन वेळी पुढे येण्याचा जो क्षण असतो तोच नीट तपासलेला नव्हता. हा क्षण सर्वांत छोट्या पातळीवर कसा तपासतात, ते समजून घेतलं तर मोठे बिघाड कळायला सोपे जातात.

क्लस्टरमधला ‘मामा’ कोण?

एक सर्व्हर पडला तर दुसऱ्याने काम उचलावं म्हणून दोन किंवा अधिक सर्व्हर एकत्र बांधतात, त्याला हाय-अव्हेलेबिलिटी क्लस्टर म्हणतात. लिनक्सवर हे काम करणारं सर्वांत परिचित मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे पेसमेकर. रेड हॅट आणि सुसे या दोन्ही कंपन्यांच्या क्लस्टर उत्पादनांत तेच आहे. (ज्या प्रकल्पातून ते निघालं त्याचं नाव हार्टबीट होतं. नाव ठेवणाऱ्यांना हृदयरोगाची धास्ती असावी.)

पेसमेकरला डेटाबेस म्हणजे काय, वेब सर्व्हर म्हणजे काय, हे कळत नाही. ते कळून घेण्याची त्याला गरजही नाही. प्रत्येक सेवेसाठी एक स्क्रिप्ट लिहिलेली असते, तिला रिसोर्स एजंट म्हणतात. पेसमेकर तिला मोजकेच हुकूम देतो : स्टार्ट, स्टॉप, मॉनिटर. स्क्रिप्ट काम करते आणि उत्तर म्हणून एक आकडा परत देते. हे आकडे ओसीएफ नावाच्या मानकात ठरलेले आहेत. ० म्हणजे सगळं ठीक. ७ म्हणजे सेवा व्यवस्थित बंद आहे. १ म्हणजे काहीतरी बिघडलं आहे. ५ म्हणजे लागणारं सॉफ्टवेअर या मशीनवर बसवलेलंच नाही.

७ आणि १ यांतला फरक म्हणजेच मामांनी ‘टाकी भरली म्हणून बंद केली’ म्हणणं आणि ‘जळाली’ म्हणणं यांतला फरक. माणूस आवाजावरून ओळखतो, पेसमेकरला फक्त आकडा ऐकू येतो.

पुण्यातल्या अनेक इंजिनिअरांना हा प्रकार नवा नाही. व्हेरिटासच्या क्लस्टर सॉफ्टवेअरवर पुण्यात वर्षानुवर्षं काम झालं आहे. त्यात आकडे वेगळे आहेत, पण कल्पना तीच. तिथे १०० म्हणजे बंद, ११० म्हणजे चालू. आणि ‘सांगता येत नाही’ यासाठीसुद्धा वेगळा आकडा आहे, ९९. कळत नसेल तर कळत नाही असं सांगायची सोय ठेवणं, ही तशी मोठी गोष्ट आहे.

चाचणी नेमकं काय विचारते?

स्क्रिप्ट मानकाप्रमाणे वागते का, हे तपासायला ओसीएफ-टेस्टर नावाचं छोटं साधन मिळतं. ते स्क्रिप्टला तिच्या सेटिंगसह उचलतं आणि ओळीने प्रश्न विचारतं. तुझी माहिती सांग. सेटिंग तपास. सेवा चालू कर. चालू आहे का? पुन्हा चालू कर. आता बंद कर. बंद आहे का? पुन्हा बंद कर.

यातले ‘पुन्हा’वाले दोन प्रश्न पहिल्यांदा वाचणाऱ्याला खुळचट वाटतात. चालू असलेली सेवा पुन्हा कशाला चालू करायची? पण सगळी मेख तिथेच आहे. औंढ्यातल्या मामांना मालक म्हणाले, ‘मोटर बंद करा’, आणि ती आधीच बंद असेल, तर योग्य उत्तर आहे ‘बंद आहे साहेब’. मालकांना मोटर बंद हवी होती, ती बंद आहे, काम झालं. पण मामा जर म्हणाले, ‘नाही जमलं साहेब’, कारण काय तर दाबायला बटणच चालू नव्हतं, तर मुंबईत बसलेले मालक काय समजतील? मोटर अडकली, बंद होत नाही.

क्लस्टरमध्ये याच गैरसमजाची किंमत फार मोठी असते. स्टॉपचा हुकूम फसला, याचा अर्थ पेसमेकर असा घेतो की सेवा अजून त्या मशीनवर चालू असू शकते. अशा वेळी तीच सेवा दुसऱ्या मशीनवर चालू केली तर दोघं मिळून एकाच डिस्कवर लिहितील आणि माहितीचा चिखल होईल. म्हणून तो पहिल्या मशीनची वीजच तोडतो. याला फेन्सिंग म्हणतात. फेन्सिंगची सोय बंद करून ठेवलेली असेल, आणि ‘त्रास नको’ म्हणून ती बंद ठेवणारे बरेच असतात, तर पेसमेकर ती सेवा गोठवतो. इथेही चालू करत नाही, तिथेही करत नाही. राखीव सर्व्हर शेजारी धडधाकट उभा असतो आणि सेवा ठप्प असते.

एवढं सगळं कशामुळे? आधीच बंद असलेली सेवा ‘बंद कर’ म्हटल्यावर स्क्रिप्टने ० ऐवजी १ सांगितलं म्हणून.

चाचणी नापास झाली, आता?

पहिली गोष्ट : ही चाचणी चालत्या सेवेवर लावायची नसते. ती सेवा खरोखर चालू-बंद करून पाहते. चाचणीच्या मशीनवरच ती करायची. हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

दुसरी गोष्ट : टेस्टरने तक्रार केली की त्याच्याशी वाद न घालता स्क्रिप्टचा तोच हुकूम हाताने चालवून परत आलेला आकडा पाहायचा. हाताने चालवताना ओसीएफचे सगळे चल नीट भरलेले असायला हवेत. ते रिकामे राहिले तर स्क्रिप्ट आपल्या मनाची सेटिंग घेते आणि तुम्ही भलत्याच गोष्टीची परीक्षा घेत बसता. उलटंही होतं. लॉगिन करून चालवल्यावर स्क्रिप्ट छान चालते, क्लस्टरमधून चालवली की पडते. कारण तुमच्या खात्यात सगळे रस्ते, म्हणजे पाथ, भरलेले असतात, क्लस्टर मात्र मोजक्याच सामानानिशी स्क्रिप्टला बोलावतो.

आता नेहमीचे आजार. सर्वांत जुना आजार जुन्या स्क्रिप्टमधून येतो. लिनक्सच्या आधीच्या पद्धतीत, एलएसबी नावाच्या मानकात, ‘सेवा बंद आहे’ यासाठी ३ हा आकडा होता. ओसीएफमध्ये ३ म्हणजे ‘हा हुकूम मला येतच नाही’. जुनी स्क्रिप्ट उचलून नव्या ठिकाणी चिकटवली की मामा एकदम परकी भाषा बोलू लागतात. टेस्टर म्हणतो ७ हवे होते, ३ मिळाले. दुरुस्ती एका ओळीची असते, ती ओळ सापडायला मात्र दुपार जाते.

दुसरा आजार हसवणारा आहे. सेवा चालू आहे का हे पाहायला स्क्रिप्ट चालू प्रक्रियांची यादी काढते आणि तिच्यात सेवेचं नाव शोधते. शोधणारी आज्ञासुद्धा एक प्रक्रियाच असते, आणि तिच्या ओळीत ते नाव लिहिलेलं असतं. म्हणजे स्क्रिप्टला स्वतःचीच सावली सापडते आणि ती खुशाल सांगते, चालू आहे. सेवा मेली तरी चालू, बसवली नसली तरी चालू. ही चूक दोन्ही मशीनवर असली तर पेसमेकरला वाटतं सेवा दोन ठिकाणी चालू आहे. ते धोक्याचं, म्हणून तो मूळ नियमाप्रमाणे दोन्हीकडे बंद करतो आणि मग एका ठिकाणी चालू करतो. व्यवस्थित चाललेली सेवा राखणदारानेच पाडली.

तिसरा आजार पावसाळी म्हणता येईल. सेवा सुरू होताना आपला क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ठेवते. लाइट जाऊन मशीन दाणकन बंद पडलं तर फाइल तशीच मागे राहू शकते. मशीन पुन्हा उठतं, तोच क्रमांक आता दुसऱ्याच कुठल्या प्रक्रियेला मिळालेला असतो. स्क्रिप्ट फाइल वाचते, त्या क्रमांकाचं कोणीतरी जिवंत आहे एवढं पाहते आणि म्हणते, चालू. त्याहून वाईट म्हणजे स्टॉपचा हुकूम आल्यावर त्या परक्या प्रक्रियेला मारून टाकते. क्रमांक जुळला तरी तो आपल्याच सेवेचा आहे का, हे पाहायचं असतं.

चौथा आजार दिसायला साधा आहे, पण घराघरात आहे. स्टार्टचा हुकूम आला की स्क्रिप्ट सेवा सुरू करण्याची आज्ञा देते आणि लगेच ‘झालं’ म्हणून मोकळी होते. डेटाबेसला उठायला काही सेकंद लागतात. पुढच्याच क्षणी टेस्टर विचारतो, चालू आहे का? उत्तर येतं, नाही. चाचणी नापास. यावर सर्रास केला जाणारा इलाज म्हणजे स्क्रिप्टमध्ये ‘दहा सेकंद झोप’ अशी ओळ टाकणं. चाचणी पास होते. मग सहा महिन्यांनी डेटाबेस मोठा होतो, त्याला उठायला वीस सेकंद लागतात, आणि नेमकं रात्री बिघाड झाल्यावर नवा सर्व्हर ‘चालू झालो’ म्हणून सांगतो आणि लगेच पडलेला सापडतो. बरोबर इलाज असा आहे : सेवा खरंच प्रतिसाद देईपर्यंत स्क्रिप्टने स्वतःच पुन्हा पुन्हा तपासत थांबायचं. किती वेळ थांबायचं याची मर्यादा क्लस्टर ठरवतो, ते त्याचं काम आहे.

स्टॉपचंही तसंच. मारण्याचा इशारा देणं म्हणजे मरणं नव्हे. प्रक्रिया खरोखर गेली आहे हे पाहूनच ० म्हणायचं.

पाचव्यात भलेभले फसतात. सेवेचं सॉफ्टवेअर सामाईक डिस्कवर ठेवलेलं असतं आणि ती डिस्क एका वेळी एकाच मशीनला जोडलेली असते. क्लस्टर सुरू होताना पेसमेकर प्रत्येक मशीनला विचारतो, ही सेवा तुझ्याकडे चालू आहे का? दुसऱ्या मशीनवर डिस्कच नाही, त्यामुळे प्रोग्राम सापडत नाही. घाबरलेली स्क्रिप्ट सांगते ५, बसवलेलंच नाही. मग पेसमेकर त्या मशीनला या सेवेसाठी बाद धरतो. राखीव म्हणून घेतलेलं मशीन पहिल्याच दिवशी यादीतून गेलं, आणि हे कोणाला कळतं कधी? पहिलं मशीन पडतं तेव्हा. इथे प्रामाणिक उत्तर ७ होतं : माझ्याकडे चालू नाही, एवढंच.

‘बिघडलं’ असं उगाच सांगणंही महागात पडतं

हे सगळं वाचून वाटेल की स्क्रिप्ट जरा घाबरट असलेली बरी. संशय आला की ‘बिघाड’ सांगावं, राखीव सर्व्हर पुढे यावा. सप्टेंबर २०१२ मध्ये गिटहबचा अनुभव याच्या उलट होता. जगभरचे प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात त्या या कंपनीने तेव्हा डेटाबेससाठी पेसमेकर लावला होता. डेटाबेसच्या रचनेत बदल करताना मुख्य सर्व्हरवर ताण आला, तो हळू झाला. प्रकृती तपासणारी चाचणी वेळेत उत्तर मिळालं नाही म्हणून ‘बिघाड’ म्हणाली. क्लस्टरने राखीव सर्व्हर पुढे केला. तो नुकताच कामाला लागलेला, त्याच्या मेमरीत काहीच तयार नव्हतं, सगळा भार अंगावर आल्यावर तोही हळू झाला. पुन्हा ‘बिघाड’, पुन्हा फिरवाफिरवी. मूळचं दुखणं ताणाचं होतं, मेलं कोणीच नव्हतं. शेवटी इंजिनिअरांनी क्लस्टरला हात लावायचा नाही असं सांगून, मेंटेनन्स मोडमध्ये टाकून, बाजूला बसवलं. दुसऱ्या दिवशी तो मोड काढताना पेसमेकरच कोसळला आणि गोंधळ वाढला.

म्हणजे दोन्ही बाजूंना दरी आहे. आणि ओसीएफ-टेस्टर यातल्या एकाच बाजूचा कठडा तपासतो. तो एका मशीनवर, शांत वेळी, भार नसताना प्रश्न विचारतो. ताणाखाली मॉनिटर काय सांगेल हे त्याला कळत नाही. डिस्क पूर्ण तुटलेली नाही पण उत्तरही देत नाही, अशा लटकलेल्या अवस्थेत स्क्रिप्ट काय करेल हेही कळत नाही. एनएसईच्या प्रकरणात स्टोरेजचं जे झालं ते याच जातीचं होतं. त्यासाठी वेगळं काम करावं लागतं : चाचणीच्या क्लस्टरवर मुद्दाम नेटवर्क तोडायचं, प्रक्रिया मधेच गोठवायची, डिस्क काढून घ्यायची आणि घड्याळ लावून बसायचं.

तरीही त्या छोट्या चाचणीचा आग्रह धरायला हवा. जी स्क्रिप्ट शांत वेळी ‘बंद आहे’ हे धड सांगू शकत नाही, ती वादळात काय सांगणार?

नापास निकालाचं काय करतात?

चाचणी नापास झाली की दोन रस्ते असतात. एक स्क्रिप्ट दुरुस्त करण्याचा, दुसरा चाचणी पास करवून घेण्याचा. दुसरा रस्ता जवळचा आहे. शेवटच्या ओळीत काहीही झालं तरी ० परत द्यायचं, की टेस्टर खूश, ऑडिटर खूश, अहवालात हिरवी खूण. आयटीत नोकरी करणाऱ्या कोणालाही ही ओळ कुठे ना कुठे दिसलेली असते. ती लिहिणारा आळशी असतो असं नाही. बहुतेकदा त्याला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत अहवाल द्यायचा असतो, आणि ‘नापास का झालं’ हे समजून घ्यायला त्याच्या वेळापत्रकात जागाच ठेवलेली नसते. पुढे रात्री दोनला सेवा पडते तेव्हा फोन उचलणारा मुलगा वेगळाच असतो. स्क्रिप्ट त्याने लिहिलेली नसते, तिच्यातली ती ओळ त्याला माहीत नसते, आणि सकाळी बैठकीत उत्तर मात्र त्याला द्यावं लागतं.

दोष एकट्या इंजिनिअरचा नाही. खरेदी करताना सर्व्हर किती, डीआर केंद्र आहे का, हे विचारलं जातं, कारण ते मोजता येतं. राखीव मशीन शेवटचं कधी पुढे आलं, त्या वेळी काय फसलं आणि फसलेलं दुरुस्त करून पुन्हा तपासलं का, हे विचारणारा खरेदीदार विरळा. नियामकांनी इथे पावलं टाकली आहेत, हे मान्य करायला हवं. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार महत्त्वाच्या प्रणालींची डीआर कवायत निदान सहा महिन्यांतून एकदा करावी लागते. पण कवायत झाली की नाही, तिचा निकाल काय लागला, हे खातेदाराला कळत नाही. ‘कवायत केली’ ही नोंद आणि ‘कवायतीत हे तीन बिघाड सापडले’ ही नोंद यांत दुसरी जास्त भरवशाची आहे. एकही बिघाड न सापडलेली कवायत बहुतेकदा आधीपासून सगळं जुळवून, सगळे जागे असताना, चहा घेत केलेली असते.

ठरवून केलेल्या कवायतीलाही किंमत आहे, फक्त ती उघड्यावर व्हायला हवी. शनिवार, २ मार्च २०२४ रोजी एनएसईने बाजार मुद्दाम उघडला. सकाळी सव्वानऊ ते दहा मुख्य केंद्रावरून, मग साडेअकरा ते साडेबारा डीआर केंद्रावरून, खऱ्या पैशांचे खरे सौदे झाले. त्याच वर्षी १८ मे रोजी पुन्हा तसंच केलं. कोणीही टर्मिनलसमोर बसून पाहू शकत होतं की दुसरी बाजू उठते की नाही. मुख्य केंद्र न सांगता, मधल्या सुट्टीशिवाय पडलं तर काय होईल याचं उत्तर त्यातून मिळत नाही हे खरं. पण २०२१ च्या त्या बुधवारी जे कोणालाच दिसलं नव्हतं, त्यातला काही भाग तरी दिसला.

बँकांच्या ॲपवर मात्र अजून एकच मजकूर येतो : ‘नियोजित देखभालीसाठी सेवा रात्री १२ ते ४ बंद राहील.’ ही देखभाल साधी सफाई होती की राखीव केंद्रावर जाऊन परत येण्याची कवायत, आणि कवायत असेल तर किती मिनिटांत सेवा तिकडे उठली, हे त्याच सूचनेखाली दुसऱ्या दिवशी एका ओळीत छापता येईल. रिझर्व्ह बँकेने एवढी एक ओळ सक्तीची करावी. आणि फसली असेल तर ‘फसली’ असंच लिहावं, खाली पुन्हा कधी करणार त्याची तारीख.